‘छान’ म्हणा, पण का छान तेही सांगा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात वाचकांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि त्यांतल्या एकाला ‘आठवड्याचे सर्वोत्तम छायाचित्र’ म्हणून मान मिळतो. हा उपक्रम चांगला आहे आणि तो चालू राहावा, याविषयी दुमत नसावे. मात्र निवडलेल्या छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव आणि ‘अप्रतिम टिपलेला क्षण’ यासारखी एखादी ओळ यापलीकडे काहीच नसते. ज्याचे छायाचित्र निवडले गेले त्याला ते का निवडले हे कळत नाही, आणि ज्यांची निवडली गेली नाहीत त्यांना तर कशाचाच पत्ता लागत नाही. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात इतरांच्या छायाचित्रांवर बोलण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवाच्या आधाराने, अशा छायाचित्रांवर अभिप्राय कसा द्यावा, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

अभिप्राय देणाऱ्यांचे सर्वसाधारणपणे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली माणसे प्रत्येक छायाचित्राला ‘मस्त’, ‘लाजवाब’ म्हणून मोकळी होतात. दुसऱ्या वर्गातल्यांना कौतुक केले तर आपल्या जाणकारीला बाध येईल असे वाटते, म्हणून ती ‘मजा नाही आली’, ‘काहीतरी कमी आहे’ असे पुटपुटून गप्प बसतात. हे दोन वर्ग वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असले, तरी छायाचित्रकाराच्या पदरात दोघेही सारखेच टाकतात, म्हणजे काहीच नाही. पुढच्या वेळी कॅमेरा हातात घेतल्यावर उपयोगी पडेल असे एखादे कारण ज्यात नाही, तो अभिप्राय गोड असो वा कडू, वाया जातो. कौतुकालाही हे तितकेच लागू आहे, कारण हौशी माणसाची बरीचशी चांगली छायाचित्रे योगायोगाने जमून आलेली असतात, आणि काय जमले हे कोणी दाखवून दिले नाही तर ती पुन्हा जमवून आणता येत नाहीत.

समजा, एखादी मुलगी आपल्या आजीचे छायाचित्र दाखवायला घेऊन आली आहे. आजी खुर्चीत बसून वाचत आहे, खिडकी तिच्या पाठीमागे आहे, बाहेरचा उजेड पांढराफटक आला आहे आणि आजीचा चेहरा काळवंडला आहे. भरीला पडद्याची दांडी तिच्या डोक्यातून आरपार गेल्यासारखी दिसते. ‘चेहरा काळा आलाय’ हे त्या मुलीलाही दिसते. ते सांगायला दुसरे कोणी नको. अशा वेळी मी आधी माझी नजर कुठून कुठे गेली ते सांगते. या छायाचित्रात ती प्रथम खिडकीकडे जाते, मग चष्म्याची काडी धरलेल्या बोटांकडे, आणि चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्यानंतर विचारते, तुला यात काय दाखवायचे होते? ‘तिची वाचनातली तंद्री’ असे उत्तर आले, तर पुढचे बोलणे सोपे होते. कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन चालतो. मागे मोठी उजळ खिडकी असली की तो सगळेच छायाचित्र गडद करतो आणि त्यात चेहरा बुडतो. मोबाइलच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवता येतो, पण मग खिडकी पार पांढरी होणार हे पत्करावे लागते. त्यापेक्षा चार पावले फिरून, खिडकी आजीच्या मागे न राहता बाजूला येईल असे उभे राहावे. तोच उजेड मग चेहऱ्यावर आडवा पडतो, सुरकुत्या उठून दिसतात, आणि ती दांडीही डोक्यातून आपोआप सुटते. बोटांवरचा फोकस मात्र अचूक आहे आणि तेवढा भाग सुरेख आला आहे, हे सांगायला विसरू नये. केवळ त्या हातांचे एक वेगळे छायाचित्र होऊ शकते, हे काढणारीच्या ध्यानात बहुधा आलेले नसते.

सर्वांत ढिसाळ अभिप्राय येतात ते धूसर छायाचित्रांच्या वाट्याला. ‘फोटो हललाय’ एवढे म्हणून पुढे जाणाऱ्याने तो मोठा करून पाहण्याचीही तसदी घेतलेली नसते. धूसरपणाची किमान तीन कारणे असतात आणि तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. हात हलला असेल, तर चौकटीतली प्रत्येक वस्तू, अगदी मागची भिंतसुद्धा, एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसते. समोरचा माणूस हलला असेल, तर भिंत स्वच्छ असते आणि त्याचा तेवढा हात किंवा चेहरा पुसट असतो. फोकस चुकला असेल, तर चेहऱ्याच्या पुढची किंवा मागची एखादी वस्तू बहुधा लख्ख आलेली सापडते. पहिल्या दोषावर कोपर कशाला तरी टेकवणे किंवा शटरचा, म्हणजे क्षणभर उघडून उजेड आत घेणाऱ्या झडपेचा, वेग वाढवणे हा उपाय आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळापासून चालत आलेला अंदाज असा, की कॅमेरा हातात धरून छायाचित्र काढताना ५० मिलिमीटरच्या लेन्सला (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे दृश्य जवळ दिसते) १/५० सेकंदापेक्षा आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/२०० सेकंदापेक्षा संथ शटर ठेवू नये. आता लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात कंप सावरणारी यंत्रणा असल्यामुळे याहून बरेच संथ शटरही चालून जाते, परंतु ती यंत्रणा हाताचा कंप सावरते, पळणाऱ्या मुलाला जागीच रोखत नाही. त्यासाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागते. आणि फोकसच चुकला असेल, तर शटरविषयीचा हा सगळा उपदेश कुचकामी ठरतो. शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) हे आकडे आजकाल छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेले असतात. तर्क लढवण्याआधी ते पाहावेत. (मेसेजमधून फिरत आलेली प्रत पाहून मात्र स्पष्टतेचा निवाडा करू नये. पाठवताना ती बहुधा आकसलेली असते आणि हे आकडेही वाटेत गळून गेलेले असतात.)

अभिप्राय देताना आणखी एक भेद करणे मला फार आवश्यक वाटते, तो म्हणजे हाती असलेल्या छायाचित्रात आता काय सुधारता येईल आणि काय पुढच्या वेळीच जमेल, यांतला. तिरके क्षितिज सरळ करता येते. त्यात कडेचा थोडा भाग कापला जातो, म्हणून मुख्य वस्तू कडेला चिकटलेली असेल तर तेही अवघड होते. रंगांची पिवळी किंवा निळी झाक बऱ्याच अंशी काढता येते. सावल्यांमधला तपशील काही प्रमाणात वर आणता येतो. पण जिथे उजेड इतका झाला आहे की नुसता पांढरा रंग उरला, तिथे परत आणायला काही शिल्लकच नसते. छायाचित्रांच्या नेहमीच्या जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात, आणि तिन्ही रंग २५५ वर जाऊन बसले की ढग आणि कागद यांत फरक राहत नाही. चुकलेला फोकस आणि निसटलेला हावभाव यांचेही तसेच. हा भेद न करता बोलणारे एक तर ‘एडिटिंगमध्ये बघू’ म्हणून सगळ्यावर पांघरूण घालतात, नाही तर पाच मिनिटांत दुरुस्त होणाऱ्या तिरकेपणासाठी चांगले छायाचित्र मोडीत काढतात.

हेतू विचारण्याचा उल्लेख वर आला आहे, त्यावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण जाणकारांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार. त्यांच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने दिलेली भेट म्हणून. त्यांनी काढलेल्या मृदू फोकसच्या व्यक्तिचित्रांवर त्या काळच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकांनी टीका केली. काचेच्या निगेटिव्हवरचे डाग आणि ओरखडे तसेच ठेवल्याबद्दल त्यांना निष्काळजी ठरवले गेले. आज एकोणिसाव्या शतकातल्या व्यक्तिचित्रणाचा विचार त्यांना वगळून होत नाही. या उदाहरणाचा आधार घेऊन प्रत्येक धूसर छायाचित्राला कलाकृती म्हणायचे, असे मला मुळीच सुचवायचे नाही; आमच्या मंडळातही प्रत्येक चुकीला ‘ती माझी शैली आहे’ असे उत्तर देणारे असतातच. हेतू होता की अपघात, हे एका छायाचित्रावरून सहसा सांगता येत नाही. म्हणून मी त्याच माणसाची आणखी चार-पाच छायाचित्रे मागून घेते. त्या सर्वांत तोच मृदूपणा तितक्याच प्रमाणात दिसला, तर ती निवड समजून तिच्याविषयी बोलावे, आणि एकाच छायाचित्रात दिसला, तर शटर आणि फोकस यांकडे वळावे.

नियमांची भाषाही जपून वापरावी. मुख्य वस्तू चौकटीचे तीन समान भाग पाडणाऱ्या एखाद्या रेषेवर हवी, हा ‘एकतृतीयांशाचा नियम’. हे नवशिक्याला इतक्या ठामपणे सांगितले जाते की जणू ते कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत छापलेले असावे. वास्तविक हा नियम त्या नावाने मांडला तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, निसर्गचित्रांविषयी लिहिताना. छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर झाली ती त्यानंतर चार दशकांनी, १८३९ मध्ये. नियम उपयोगी आहे, पण ‘नियम मोडला’ हे दोषाचे कारण होऊ शकत नाही. चेहरा मधोमध असल्यामुळे तो ज्या दिशेला पाहत आहे तिकडची जागा अपुरी पडली, हे कारण झाले.

नियमांपेक्षा चौकटीच्या कडांविषयी बोलणे मला अधिक फलदायी वाटते, कारण काढणाऱ्याचे डोळे मधल्या वस्तूवर खिळलेले असतात आणि कडेला काय शिरले ते त्याला घरी आल्यावरही दिसत नाही. ही सवय थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली, सरकारी खात्यासाठी काम करताना, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या तळावर काढलेले आई आणि मुलांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला होता. लँग यांना तो इतका खुपला की पुढे त्यांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला, आणि त्या खात्यातल्या त्यांच्या विभागप्रमुखांना ती ढवळाढवळ रुचली नाही. त्या दोघांपैकी बरोबर कोण, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. नवशिक्याला मात्र एवढे जरूर सांगता येते, की शटर दाबण्याआधी नजर एकदा चारही कडांवरून फिरवावी. याच प्रसंगातली दुसरी गोष्टही कामाची आहे. आपण एकाच दिशेने, दर छायाचित्राला अधिकाधिक जवळ जात गेलो, असे लँग यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ‘जवळून काढायला हवे होते’ या मोघम सूचनेपेक्षा ‘आहे त्याच दिशेने दोन पावले पुढे जाऊन एक, आणखी दोन पावले जाऊन एक’ असे सांगितले, तर ते कोणालाही करून पाहता येते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक ही ठरीव पद्धत मला पटत नाही. ऐकणारा ‘पण’ या शब्दाची वाट पाहत बसतो आणि त्याआधीचे सगळे त्याला खोटे वाटू लागते. ‘मी असते तर असे काढले असते’ ही सूचना नव्हे, कारण त्यातून छायाचित्र बोलणाऱ्याचे होते, काढणाऱ्याचे राहत नाही. एका बैठकीत एका छायाचित्राचे दहा दोष सांगू नयेत. ज्याने सर्वाधिक फरक पडेल तो एक निवडून सांगावा, कारण त्याच्यामागे दडलेले बाकीचे दोन-तीन पुष्कळदा त्याच्याबरोबरच जातात. आणि ज्याने अभिप्राय मागितलेला नाही, त्याला चारचौघांत तो देऊ नये.

आता माझी विनंती. निवडलेल्या छायाचित्राखाली कौतुकाच्या ओळीऐवजी तीन वाक्ये छापावीत: काय दाखवायचे होते हे छायाचित्रकाराच्याच शब्दांत, ते कशामुळे साधले हे परीक्षकांच्या शब्दांत, आणि पुढच्या वेळी करून पाहावी अशी एक गोष्ट. त्यासाठी छायाचित्र पाठवतानाच मूळ फाइल आणि हेतू सांगणारे एक वाक्य मागवून घ्यावे. शिवाय, न निवडलेल्यांपैकी एका छायाचित्रावरही दर आठवड्याला असेच लिहिता येईल, मात्र पाठवणाऱ्याची लेखी संमती असेल तरच, आणि त्याला नको असेल तर नावाशिवाय. जागेची अडचण येत असेल, तर छायाचित्र एक स्तंभ लहान छापले तरी आमची तक्रार असणार नाही.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक