वर्गात किती दिवस?

ठाणे, 1 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. पण गेले दोन महिने हा विषय निघाला की बाबा कपाटातून फ्लॅटच्या कागदांची फाईल काढतात, आई कुकर लावायला उठते आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते. दोघं मिळून वाचा.

मी इंग्लंडचा कोर्स नक्की केला आहे. माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याचं एक वर्षाचं प्रशिक्षण. त्याला पीजीसीई म्हणतात आणि माझ्या कोर्समध्ये त्याच्यासोबत क्यूटीएस मिळतं, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांत शिक्षक म्हणून उभं राहण्याची मान्यता. सप्टेंबरात सुरू, पुढच्या जूनमध्ये संपतं. मुलाखत झाली, जागा मिळाली. आता होकार कळवायचा आहे आणि तो तुम्हाला विचारल्याशिवाय मी कळवणार नाही.

आई, कोर्स निवडायला तुझा एक प्रश्न कामी आला. दिवाळीत मी सगळी माहितीपत्रकं दिवाणावर पसरून बसले होते. तू फराळाचे डबे बाजूला सारून ती एकेक उलटून पाहिलीस आणि एवढंच विचारलंस, "यात वर्गात किती दिवस उभं करतात?" मला उत्तर देता आलं नाही. स्टेशनजवळच्या ज्या सल्लागाराकडे बाबांनी पंधरा हजार भरले होते, त्यालाही दुसऱ्या दिवशी देता आलं नाही. तो मला एम.ए. एज्युकेशनला घालायला निघाला होता. "मॅडम, हे टीचर ट्रेनिंगच आहे," असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. ते तसं नाही. त्या पदवीत शिक्षणाचं धोरण, मानसशास्त्र, संशोधनाच्या पद्धती असं सगळं शिकवतात. ज्याला त्या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याच्यासाठी ती चांगलीच आहे. पण सहसा तिच्यात शाळेत शिकवणं नसतं आणि तिच्या जोरावर शिक्षकाची मान्यता मिळत नाही. बाबा, ते पंधरा हजार परत मिळाले नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

त्यानंतर मी सगळं स्वतः वाचायला बसले. ऐरोलीच्या शाळेतून परतताना गाडीत बसायला जागा मिळाली की मोबाईलवर वाचायचं आणि घरी येऊन वहीत उतरवायचं. नावंच अशी फसवी आहेत. पीजीसीई आणि पीजीसीई इंटरनॅशनल ऐकायला जुळी भावंडं वाटतात. पण दुसऱ्यात बहुतेक अभ्यास ऑनलाइन, आपण असू तिथूनच करायचा आणि त्यातून क्यूटीएस मिळत नाही. कोर्सच्या माहितीत 'क्यूटीएससह' हे शब्द स्पष्ट लिहिलेत का, एवढं पाहिलं की निम्मा गोंधळ मिटतो.

मग वहीत तुझ्या प्रश्नाचा एक रकाना आखला. इंग्लंडमध्ये एका वर्षात किमान 120 दिवस शाळेत काढावे लागतात आणि तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत. ऑस्ट्रेलियात पदवीनंतरचा कोर्स सहसा 2 वर्षांचा आणि शाळेतला सराव किमान 60 दिवसांचा. शिवाय शिक्षक म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात आणि ऐकण्यात 8 बँड लागतात. आयर्लंडचाही 2 वर्षांचा. न्यूझीलंडचा 1 वर्षाचा आहे, तो बराच वेळ मनात होता. बाबांचा कल ऑस्ट्रेलियाकडे आहे, मेलबर्नला आत्तेभाऊ आहे म्हणून आणि तिथे पुढे कायमचं राहता येईल म्हणून. बाबा, मला तिथे किंवा कुठेच कायमचं राहायचं नाही. मला शिकवायला शिकून परत यायचं आहे. मग 2 वर्षांची फी भरून निम्मे दिवस वर्गात का उभी राहू?

आता खरं कारण सांगते. हे मी तोंडानं कधी बोलले नाही.

मला शिकवायला लागून 8 वर्षं झाली. आधी नौपाड्यातला क्लास, मग ही शाळा. या 8 वर्षांत माझ्या वर्गात मागच्या बाकावर कुणी येऊन बसलेलं नाही. निकाल विचारतात, पालकांच्या तक्रारी कळवतात, पोर्शन संपला का हे दर महिन्याला विचारतात. मी कशी शिकवते हे कुणी पाहिलेलंच नाही. आई, तुझी डी.एड.ची पाठ टाचणाची वही मी लहानपणी कितीदा चाळली आहे. तिच्यात एका पाठाखाली लाल शाईनं लिहिलंय, "फळ्याशी बोलता, मुलांशी नाही." तू सांगतेस की त्या रात्री तू रडलीस, पण शहापूरच्या त्या दोनशिक्षकी शाळेत पहिल्या दिवशी वर्गात शिरलीस ती त्या वाक्यामुळेच मुलांकडे तोंड करून. मला असं कुणी काही लिहून दिलेलं नाही.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "मिस, ऋण गुणिले ऋण धन का?" मी म्हटलं, नियम आहे, लिहून घे. तास संपायला सात मिनिटं होती आणि फळ्यावर चार उदाहरणं बाकी होती. त्यानं लिहून घेतलं. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मिळाले. पण त्या दिवसानंतर त्यानं मला एकही 'का' विचारला नाही. त्याचं उत्तर मला येत होतं. ऋण तीन गुणिले दोन, मग गुणिले एक, मग शून्य, असं एकेक पायरी खाली उतरत गेलं की उत्तर दर पायरीला तीननं वाढतं. उणे सहा, उणे तीन, शून्य, आणि पुढची पायरी, म्हणजे गुणिले ऋण एक, आपोआप अधिक तीन येते. पाच मिनिटांचं काम होतं. मागच्या बाकावर कुणी बसलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं, की उदाहरणं राहू दे, त्या मुलाचं ऐक.

इंग्लंडच्या कोर्समध्ये प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शाळेतला एक अनुभवी शिक्षक नेमून दिलेला असतो, मेंटर. तो तास पाहतो, नंतर घेऊन बसतो, काय चुकलं ते सांगतो आणि पुढच्या वेळी तेच सुधारलं का ते पुन्हा येऊन पाहतो. हे वर्षभर चालतं. मला ते हवं आहे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, 8 वर्षं शिकवून झाल्यावर, मला कुणीतरी माझा तास पाहायला हवा आहे.

बाबा, इथलं बी.एड. का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. इथेही 2 वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवडे शाळेत काढायचे असा नियम आहे आणि चांगल्या कॉलेजांत तो मनापासून पाळतात. पण माझ्याबरोबरच्या दोघींनी जिथून केलं तिथे सरावाचे पाठ बरेचसे फाईलमध्येच झाले, हे त्यांनीच सांगितलं. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तरी 2 वर्षं पगार बुडतो. आणि दुसरी बाजूही सांगून टाकते, नंतर तुम्हाला बाहेरून कळायला नको. तिथलं पीजीसीई इथे बी.एड.च्या जागी आपोआप धरलं जात नाही. उद्या अनुदानित शाळेत जायचं म्हटलं तर कदाचित मला बी.एड. करावंच लागेल. केंब्रिज आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांत मात्र पीजीसीईला मान आहे आणि नवी मुंबईत, घोडबंदरला अशा शाळा आहेत. परत आले की तिथे नोकरी मिळेल असा मला विश्वास वाटतो.

आता पैसे. फी साधारण 18 हजार पौंड. पौंड 120 रुपयांच्या आसपास धरला तर साडेएकवीस लाख. व्हिसासाठी 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो आणि ती रक्कम सलग 28 दिवस तिथेच पडून असावी लागते. लंडनसाठी हा आकडा इतर शहरांपेक्षा महिन्याला 300 हून अधिक पौंडांनी जास्त आहे, म्हणून मी लंडन पहिल्याच दिवशी वहीतून खोडलं. व्हिसा, तिथल्या आरोग्यसेवेचं शुल्क आणि तिकीट मिळून सगळा हिशोब 36 लाखांच्या घरात जातो. शिष्यवृत्त्या ठरावीक विषयांपुरत्या असतात आणि दरवर्षी बदलतात, म्हणून त्या मी धरलेल्याच नाहीत.

माझ्याजवळ 19 लाख आहेत. साडेसात लाखांपर्यंत बँक तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देते आणि ते दादाच्या सहीनं मिळेल, त्याच्याशी बोलले आहे. उरले साधारण 10 लाख. बाबा, तुम्ही फ्लॅटची फाईल याचसाठी काढता हे मला कळतं. वर्तकनगरचं हे घर तुम्ही वागळे इस्टेटच्या कंपनीत डबल ड्युट्या करून घेतलंत. एकाहत्तराव्या वर्षी त्याच्यावर बँकेचा बोजा चढवून मी विमानात बसू शकत नाही. एफडीही मोडायची नाही. तुमचा गुडघा आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ते पैसे तिथेच राहू देत.

आई, मला तुझ्याकडे मागायचं आहे. माझ्या लग्नासाठी तू दरवर्षी पाडव्याला थोडंथोडं करून जे सोनं बाजूला काढलंस, ते मला आता दे. तोडे, हार आणि ती नाणी. लग्न करणारच नाही असं मी म्हणत नाही. केलं तर त्या दिवशी माझ्या अंगावर तोडे नसतील, एवढंच. भाव आज जिथे पोचला आहे तिथे 10 लाखांची सोय त्यातून होते. गहाण ठेवण्याचाही विचार केला, पण वर्षभर कमाई नसताना दोन-दोन व्याजं भरणं मला झेपणार नाही. मोडावंच लागेल. आजीच्या पाटल्या यात धरलेल्या नाहीत, त्यांना मी हात लावणार नाही.

तू ते कसं जमवलंस हे मला ठाऊक आहे. शहापूरची एसटी चुकली तरी रिक्षा न करता तासभर उभी राहायचीस. म्हणून हे लिहायला मला आठ दिवस लागले.

कोर्स झाल्यावर तिथे काम करण्यासाठी साधारण 18 महिन्यांचा व्हिसा मिळतो. तेवढ्यात कर्ज फेडून मी परत येईन असा माझा बेत आहे. या वर्षी गणपती 14 सप्टेंबरला आहेत, मी तेव्हा नसेन. गौरीचं आवरायला वहिनी आधीच येईल म्हणाली आहे. आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाईलवर मी काढते, तो दादा येऊन काढेल. मी त्याला मागच्या रविवारी दाखवलंय. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवीन. तुम्हाला यातलं काही अपुरं वाटत असेल, किंवा नुसतं "जाऊ नकोस" असं म्हणावंसं वाटत असेल, तर तेही सांगा. मी ऐकून घेईन.

येत्या शनिवारी 7 तारीख आहे, महिन्यातला पहिला शनिवार, बँक चालू असते. आई, लॉकरची किल्ली तुझ्याकडेच आहे. तुझी तयारी असेल तर सकाळी तिघंही जाऊ आणि येताना तलावपाळीवर थोडा वेळ बसू.

तुमची,
मनू