लावलेल्या दाढेला थोडं हलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अलीकडे दंतरोपणावर सविस्तर लेख आला होता. तो सगळा टायटॅनियमच्या इम्प्लांटबद्दल, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाबद्दल होता. स्वतःच्याच तोंडातला एक दात काढून दुसऱ्या जागी लावता येतो, याचा त्यात उल्लेख नव्हता. आमच्या घरात हे दोन वर्षांपूर्वी झालं, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलाची खालची पहिली दाढ सतराव्या वर्षी किडून हाताबाहेर गेली होती. जबडा वाढत असताना इम्प्लांट बसवत नाहीत, कारण शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट होता तिथेच राहतो. दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी एक्स-रेमध्ये त्याची न उगवलेली अक्कलदाढ दाखवली. तिचं मूळ पाऊण तयार झालं होतं, टोक अजून उघडं होतं. अशा दाढेत नव्या जागी पुन्हा रक्तपुरवठा सुरू होण्याची बरीच शक्यता असते आणि रूट कॅनाल टळू शकतं. किडलेली दाढ काढून तिच्या जागी अक्कलदाढ बसवली, सगळं एकाच बैठकीत.

मी धास्तावले ती त्यानंतर. दाढ फक्त टाक्याच्या दोऱ्याने वरून आडवीतिडवी बांधलेली. बोट लावलं तर किंचित हलायची. मी म्हटलं, "डॉक्टर, जाड तारेने घट्ट बांधा ना, हात मोडल्यावर प्लास्टर घालतात तसं." ते म्हणाले, "ताई, प्लास्टर घालतात ते हाडाला हाड जुळावं म्हणून. इथे दाढेला हाड चिकटलं तर आपण हरलो."

हे वाक्य मला समजायला वेळ लागला. इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावा लागतो. खऱ्या दाताचं उलट आहे. त्याचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. दात उपटून दुसरीकडे लावताना हा थर थोडा तरी दुखावतोच. मग जखम भरताना दोन्ही बाजूंनी काम सुरू होतं. मुळाकडून तंतू विणणाऱ्या पेशी येतात, समोरून हाड सरकू पाहतं. चावताना थांबून-थांबून बसणारा हलका दाब त्या पेशींना कामाला लावतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. दात आठवडेच्या आठवडे करकचून जखडला, की हाड मुळाला येऊन चिकटण्याचा धोका वाढतो. पुढे शरीर ते मूळ हाडच समजून हळूहळू झिजवतं आणि तिथे हाड भरतं. मुळाला हाड असं चिकटण्याला डॉक्टर अँकिलोसिस म्हणतात. माकडांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं. कडक पट्टी जास्त दिवस ठेवलेल्या दातांना हाड अधिक चिकटलं आणि नेहमीचं खाणं चावणाऱ्यांत ते मऊ लगदा खाणाऱ्यांपेक्षा कमी चिकटलं. मुळावरचा थर आधीच वाळून मेला असेल, तर मात्र कोणताही दाब तो परत आणू शकत नाही.

जोराचा मारही वाईटच. म्हणून आमची दाढ सुरुवातीला मुद्दाम किंचित खाली ठेवली होती, वरची दाढ तिच्यावर आपटू नये म्हणून. पहिले दोन आठवडे मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी. मग दोरा काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता त्या बाजूनेही चाव. खरी अडचण इथे आली. पोरगं घाबरून महिनाभर दुसऱ्याच बाजूने जेवत होतं आणि मी ताटासमोर बसून "डावीकडून, डावीकडून" म्हणत होते. दर भेटीत डॉक्टर आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक करत, आपण मडकं वाजवून घेतो तसं. हाडाला चिकटलेला दात धातूसारखा खणखणीत वाजतो. आमची दाढ शेजारच्या दाढांसारखीच वाजते.

माझ्या भाच्याचं असं झालं नाही. नवव्या वर्षी खो-खो खेळताना त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट पडला. एका दवाखान्यात तो परत बसवला, पण जाड तारेने अडीच महिने बांधून ठेवला. आता बाकीचे दात वाढीबरोबर खाली आले आहेत आणि तो एकटा वर अडकला आहे. दोष सगळा तारेचा नाही, हे मी मान्य करते, कारण दात तासभर कोरड्या रुमालात होता. तो दुधात ठेवून न्यायला हवा होता. पण दंत-आघातांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं अशा दातासाठी सर्वसाधारणपणे दोनच आठवडे लवचीक बांधणी सांगतात आणि तार 0.4 मिलिमीटरपर्यंतची. आता तारा लावून तो दात ओढू म्हटलं तर तो हलत नाही, उलट शेजारचेच त्याच्याकडे ओढले जातात. लावलेला दात नीट बरा झाला, तरी त्याला सरकवायला काही महिने थांबावं लागतं आणि ताणही हलकाच द्यावा लागतो.

हे उपचार काही प्रयोगावस्थेत नाहीत. डेन्मार्कच्या येन्स ओवे अँड्रिएसन यांनी अशा दुसऱ्या जागी लावलेल्या 370 उपदाढांचा (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांचा) अभ्यास 1990 मध्येच प्रसिद्ध केला होता. आमच्याकडे मात्र पालकाला घरी जाताना औषधांची चिठ्ठी मिळते. दोरा कधी काढायचा, चावायला कधी सुरुवात करायची, दात खणखणीत वाजू लागला तर काय करायचं, हे कागदावर कुणी देत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने राज्यातल्या दंत महाविद्यालयांसाठी असं एक पानी मराठी पत्रक तयार करावं, अशी माझी विनंती आहे. त्यावर पडलेला दात दुधात ठेवण्याची सूचनाही असावी. तोवर एखादे दंतवैद्य वाचक मजकूर तपासून देणार असतील, तर मी शिक्षिका आहे, छापून आमच्या तालुक्यातल्या शाळांत पोहोचवण्याचं काम माझं.

आपली,
एक पालक, सातारा