शिवाजीनगर कोर्टातल्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, तुम्ही नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाहीये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात दाराजवळच्या टेबलावर तुम्ही स्वयंसेवक म्हणून बसता, आणि मी तो माणूस, ज्याने आल्या आल्या "मला त्याच्यावर ४२० टाकायचीय" असं मोठ्या आवाजात सांगितलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

झालं असं होतं की वारज्याला सिग्नलला उभा असताना मागून एकाने ठोकलं. डिकी आत गेली, बंपर तुटला, एक टेल लॅम्प फुटला. लागलं कोणालाच नाही. पोरगा चांगला बोलत होता, म्हणाला दादा पोलीस नको, इन्शुरन्स नको, गॅरेजचं बिल होईल ते मी देतो, आणि तिथेच पाच हजार जीपे केले. मला पण वाटलं बरंच झालं, पाच वर्षं क्लेम नाही म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस जमलाय तो कशाला घालवा, वर माझी पॉलिसी झिरो डेपची (पार्ट जुना झाल्याची घट न कापणारी) नाही म्हणजे बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे तसेही कापणार. त्याने एक कागद मागितला, माझी तक्रार नाही असा. बॉनेटवर ठेवून लिहून दिला, त्याच्या लायसन्सचा फोटो काढला आणि घरी आलो. आठ दिवसांत गाडी करून घेतली. बिल ३८,४०० झालं. बिल पाठवलं तर निळ्या टिक आल्या, मग "पुढच्या महिन्यात देतो", मग "एवढं कसं झालं", आणि मग डीपीच गायब.

तेव्हा कळलं की आपण सगळी दारं स्वतःच्या हाताने लावून घेतलीत. माझ्या इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं, कळवलं का नाही, आणि गाडी दुरुस्त झाल्यावर आता सर्व्हेअरने बघायचं काय? बरोबरच आहे म्हणा. पॉलिसीत लिहिलेलं असतं की लगेच कळवा आणि कंपनीला न विचारता परस्पर तडजोड करू नका, पण पॉलिसी वाचतो कोण. चौकीत गेलो तर "सेटलमेंट केली होती ना, मग आता आमच्याकडे काय?" त्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीतून मिळतात असं एकाने सांगितलं, खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं हे खरंय, पण त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं, कायद्यात सहा महिन्यांची मुदत, आणि माझ्याकडे पोलिसांचा एकही कागद नाही. ओळखीच्या वकिलांनी तर तो तक्रार नसल्याचा कागद बघितला आणि हसलेच. म्हणाले तुम्ही स्वतःच लिहून दिलंय, सोडून द्या.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तो कागद फोनवर मोठा करून दोनदा वाचलात आणि विचारलंत, "हे 'बिल देण्याच्या बोलीवर' कोणी लिहिलं?" खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं. मी "माझी तक्रार नाही" एवढंच लिहिलं होतं, बायको शेजारी उभी होती, तिने पेन घेऊन आधी "गॅरेजचं पूर्ण बिल देण्याच्या बोलीवर" घातलं आणि मगच त्याची सही घेतली. तुम्ही म्हणालात, मग हा तक्रार नसल्याचा कागद नाहीये, हा पैसे द्यायचा करार आहे, आणि दिलेले पाच हजार म्हणजे त्याने तो मान्य केल्याचा पुरावा. तीन आठवडे जो कागद मी लपवत फिरत होतो तोच माझ्या बाजूचा निघाला!

मग माझा अर्ज. मी चार पानं लिहिली होती, फसवणूक, विश्वासघात, मानसिक त्रासाचे पंचवीस हजार. तुम्ही पेनने सरळ रेघा मारल्यात. नुसता शब्द पाळला नाही म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे दाखवावं लागतं, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. तारीख, जागा, बोली, बिल, मिळाले किती, बाकी किती, एवढंच ठेवलंत, अर्ध्या पानात बसलं. एस्टिमेट नको, पैसे भरल्याचं जीएसटीचं पक्कं बिल आणा म्हणालात. स्क्रीनशॉटवर भागवू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू नका, हे पण. (मी खरंच विकणार होतो.) लायसन्सच्या फोटोवरचा पत्ता अर्जात टाकला.

मला वाटायचं विधी सेवा म्हणजे फक्त गरिबांसाठी. वकील फुकट मिळायला अटी आहेत, पण लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे कोर्टात दावा लावायच्या आधीच, कोणीही टाकू शकतो आणि कोर्ट फी लागत नाही, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर तुमच्याकडून कळलं. तुम्ही खोटी आशा पण दाखवली नाहीत. तो आला नाही किंवा नाही म्हणाला तर लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही, मग दिवाणी दावा लावावा लागेल, त्याला तीन वर्षं आहेत, असं सांगून ठेवलंत.

पण तो आला. प्राधिकरणाच्या शिक्क्याची नोटीस घरी गेली आणि त्याचे वडीलच त्याला घेऊन आले. पॅनलसमोर तो बिल जास्त आहे म्हणत होता, मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून तुमचा चेहरा दिसला आणि गप्प बसलो. तीस हजारांवर मिटलं, अठरा त्याच दिवशी, बारा महिन्याभरात. ३,४०० सोडले, त्याचं थोडं दुखतंय अजून. निवाड्यावर दोघांच्या सह्या झाल्यावर तुम्ही समजावलंत की ही आता साधी चिठ्ठी नाही, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच याचा जोर आहे, याच्यावर अपील नाही, आणि बारा हजार आले नाहीत तर नवा दावा न लावता सरळ वसुलीची दरखास्त टाकता येईल. कदाचित म्हणूनच बारा हजार चार दिवस आधीच आले.

पैसे द्यायला गेलो तर तुम्ही चिडलात, चहावर भागवलंत, तोही कटिंग. परवा पेढे घेऊन आलो होतो पण तुमच्या टेबलावर दुसरंच कोणी होतं, म्हणून हे पत्र. पेढे परत घरी नेले. बायको म्हणाली निम्मे तसेही माझेच आहेत, बोलीवर हा शब्द माझा होता. उरलेले निम्मे घेऊन सोमवारी परत येतोय.