फ्रेअरटाऊनला निघालेल्या मित्रास

शरणपूर, नाशिक

प्रिय सुहास,

सप्रेम सलाम.

केनियातल्या मोंबासाच्या ख्रिस्ती मंडळीचं पाळक म्हणून बोलावणं पक्कं झालं आणि घरही समोरच्या फ्रेअरटाऊन वस्तीच्या बाजूलाच मिळतंय, हे वाचून फार बरं वाटलं. आधी काय करू, असं तू विचारलंयस. माझं म्हणणं एवढंच, की पहिला महिना घर लावण्यात घाल. कागद, पाणी, मच्छरदाणी आणि वीज ही कामं अर्धवट राहिली की पाळकाचा सगळा आठवडा त्यातच जातो, आणि रविवारी मंडळीपुढे थकलेला माणूस उभा राहतो.

कागदांचं आधी. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, सुरू केलं. ते ऑनलाइन मिळतं, पण ते फक्त पाहुण्यासाठी आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचं. त्यावर मंडळीची सेवा करायची नाही, बिनपगारीही नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी क्लास आय नावाचं वर्क परमिट असतं. त्याचा अर्ज तू करायचा नाहीस, तुला बोलावणाऱ्या संस्थेने करायचा. म्हणून बिशप कार्यालयाकडून पत्र मागताना त्यात कामाचं स्वरूप, मुदत, मानधन कोण देणार आणि घरभाडं कोण भरणार, हे चारही मुद्दे लिहून घे. मोघम पत्रावर अर्ज अडकतो आणि मग ९० दिवस संपत येतात. वहिनी आणि चिमणीसाठी डिपेंडंट पास वेगळा लागतो; त्याला लग्नाचा आणि जन्माचा दाखला इंग्रजीत हवा. लग्नाची नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये आहे म्हणून गाफील राहू नकोस, सरकारी नोंदीची प्रत काढ. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या पोर्टलवरूनच मिळतं. तिथे पोचल्यावर परदेशी नागरिकांचं ओळखपत्र काढायचं आहे, सगळे त्याला एलियन कार्ड म्हणतात. बँकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे तेच मागतात.

शाळेवरून आठवलं, तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. जूनच्या हिशोबाने निघालात तर चिमणी वर्षाच्या मध्येच वर्गात जाऊन बसेल. दाखला, प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव.

पिवळ्या तापाची लस तिघांनीही घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. त्याआधी घेतलेलीच ग्राह्य धरतात. एकच डोस आयुष्यभर चालतो. लसीच्या दाखल्याची पिवळी पुस्तिका पासपोर्टला रबर लावून ठेव, कारण खरा त्रास परत येताना होतो. केनियाहून पुस्तिकेशिवाय उतरलास तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मलेरियाची बाब मात्र मनावर घे. मिशनरी योहान क्राप्फ १८४४ मध्ये मोंबासाला उतरला आणि त्याच वर्षी तापाने त्याची बायको रोझिन आणि नुकती जन्मलेली मुलगी गेली. आज औषधं आहेत, पण किनाऱ्यावरचा डास तोच आहे आणि तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरमचा, म्हणजे झपाट्याने बिघडणारा. औषध मारलेली मच्छरदाणी तिथेच घे, पलंगापेक्षा चांगली मोठी, कारण झोपेत हातपाय जाळीला टेकले तर डास बाहेरून चावतो. कडा गादीखाली खोचायच्या, आणि तेही अंधार पडायच्या आत. खिडक्यांना जाळी नसेल तर घर ताब्यात घेण्याआधी मालकाकडून लावून घे. प्रतिबंधक गोळ्यांचं इथेच डॉक्टरांशी बोल, चिमणीचा डोस वजनावर ठरतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल देऊन उद्यापर्यंत वाट पाहायची नाही. सुट्टीत नाशिकला आल्यावर कुणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की आम्ही केनियाहून आलोय.

आता घर. भाडं ठरवण्याआधी नळ सोडून पाहा आणि पाणी चाखून पाहा. मोंबासात पाण्याची टंचाई आहे आणि बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ लागतं. टाकी किती लिटरची, ती किती दिवसांनी भरते, टँकरचे पैसे कोण देतं, हे शेजाऱ्याला विचार, मालकाला नव्हे. अंघोळ-धुण्याला बोअरचं पाणी चालेल. प्यायला आणि स्वयंपाकाला गोडं पाणी २० लिटरच्या कॅनने घ्यावं लागतं. वहिनींना सांग, तूरडाळ शिजत नसेल तर दोष डाळीचा नाही. जड पाण्यातले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. वरणापुरतं तरी गोडं पाणी वापरा.

वीज बहुतेक घरांत प्रीपेड असते. मीटरचा नंबर टाकून एमपेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तिथल्या सोयीने, पैसे भरायचे, मेसेजवर वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. मीटरने टोकन घेतलं नाही तर बहुधा मीटरचा नंबर चुकलेला असतो, नाहीतर एखादा आकडा. मेसेज पुसू नकोस. चावी घेताना मीटरवर आधीच्या भाडेकरूची बाकी नाही ना, तेही पाहून घे. एमपेसा तिथे २००७ पासून आहे आणि भाजीवालीपासून दानार्पणापर्यंत सगळं त्यावर चालतं. म्हणून उतरल्यावर पहिलं काम सिमकार्ड; पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

व्होल्टेज आपल्यासारखंच २४० च्या आसपास, त्यामुळे मिक्सर खुशाल ने. प्लग मात्र तीन चौकोनी पिनांचा आणि आत फ्यूज असलेला. अडॅप्टरवर मिक्सर चालवू नका, ढिला बसतो आणि तापतो. प्लगच बदला: तपकिरी (जुन्या वायरीत लाल) फ्यूजच्या बाजूला, निळी किंवा काळी डावीकडे, हिरवी वरच्या मोठ्या पिनेला. मिक्सरला ५ अँपिअरचा फ्यूज, इस्त्रीला १३ चा.

सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नकोस. केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे आणि ती कडक आहे. काळा मसाला, मेतकूट आणि कुरडया डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा. डाळ-तांदूळ, हिंग, कणीक नेण्यात वजन वाया जाईल. मोंबासात गुजराती वस्ती जुनी आहे, सगळं मिळतं. ज्वारीचं पीठ हवं असेल तर तिथल्या स्वाहिली भाषेत मटामा माग, नाचणीला विंबी, बाजरीला मावेले. म्हणजे भाकरी सुटणार नाही.

पेटी नेणार आहेस का? नेलीस तर एक गोष्ट पक्की धर. नाशिकच्या कोरड्या हवेत बसलेलं लाकूड तिथल्या दमट हवेत फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात, आणि खाऱ्या हवेने पितळी सूर गंजून बेसूर होतात. अडकलेल्या पट्टीत तेल अजिबात सोडू नकोस, धूळ चिकटून ती कायमची बसते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, महिन्याने बदल, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेव आणि रोज दहा मिनिटं वाजव. भाता हलता राहिला की आतली हवा बदलते.

तू ज्या वस्तीत निघालायस तिच्याशी आपल्या शरणपूरचं नातं आहे, हे तिथल्या मंडळीला जरूर सांग. मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये इथे वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याची शवपेटी धरणारा जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. पुढे १८७४-७५ मध्ये त्याच प्राइस यांनी मोंबासासमोर फ्रेअरटाऊन वसवलं, तेव्हा तिथलं शिकवणं, सुतारकी, लोहारकी आणि उपदेश हे सगळं इथे शिकून गेलेल्या याच ‘बॉम्बे आफ्रिकन’ लोकांनी उचललं. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८८५ मध्ये धर्मसेवेसाठी दीक्षित झाले. या लोकांना तिथे परकेपणा कमी सोसावा लागला नाही. बोलणं, कपडे, राहणी सगळं वेगळं होतं. तिथल्या जुन्या घरांत म्हाताऱ्या माणसांजवळ बस, त्यांचं ऐक. आपण काही नवं घेऊन आलो आहोत अशा तोऱ्याने मात्र उभा राहू नकोस. ती मंडळी दीडशे वर्षांची आहे.

वडीलधाऱ्यांना आदराने ‘शिकामू’ म्हणायचं, उत्तरादाखल ते ‘मराहाबा’ म्हणतील. सभेत उभं राहिल्यावर आधी ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो), मग बाकीचं. आणि घड्याळ सांभाळ: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा तातू’ म्हणजे शब्दशः तीन, पण वेळ सकाळी नऊची. पहिल्या काही रविवारी वेळ इंग्रजीतही विचारून घे, नाहीतर उपासना उरकल्यावर पोचशील. आणि ती वेळ मलाही कळव. आपलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, त्या हिशोबाने तुमच्यासाठी प्रार्थनेला बसेन.

वहिनींना सलाम, चिमणीला पापा.

तुझा,
विनय