तुलना मजुरीशी करा

‘लिटरमागे खोबरेल तेलापेक्षा पेट्रोल स्वस्तच’ हा आपल्या अंकातील एका वाचकाचा हिशेब वाचला. गणित बरोबर आहे, पण खोबरेलाची बाटली घरात महिनाभर पुरते. तुलना करायचीच तर दिवसाच्या मजुरीशी करावी. सोलापूरजवळच्या कुंभारीतील विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, यंत्रमागावर येणारा कामगार पंपावर लिटर सांगतच नाही. ‘शंभरचं टाका’ म्हणतो आणि काट्याकडे बघत उभा राहतो. दर वाढला की तेवढ्याच नोटेत पेट्रोल कमी पडते, मजुरी तीच. त्या नोटेत केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅटही आलाच. जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला. खोबरेल तेल त्यात आले, पेट्रोल अजून बाहेरच आहे.

– एक वाचक, सोलापूर