अंतराळातून परतीचा प्रवास विद्यार्थ्यांना संगणकावर शिकवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गगनयानाच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात आणि विद्यार्थी त्या आवडीने वाचतात, याचे भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक म्हणून मला समाधान वाटते. मात्र उड्डाणाचे वर्णन जेवढे सविस्तर असते, तेवढी जागा परतीच्या प्रवासाला कुठेच मिळत नाही. परिणामी वर जाणे तेवढे अवघड आणि खाली येणे आपोआप घडणारे, असा समज मुलांच्या मनात पक्का होतो. हा समज दूर करणारे एक उत्तम साधन, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारी ‘सिम्युलेटर’ ही संगणक-प्रणाली, घरच्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

पृथ्वीलगतच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. त्या वेगात यानाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे तीन कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्या ऊर्जेत ११ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. जमिनीवर पोहोचण्याआधी ही सगळी ऊर्जा सोडून द्यायची असते आणि ते काम प्रामुख्याने हवेकडूनच करून घ्यावे लागते. यानासमोरची हवा एकाएकी दाबली जाऊन प्रचंड तापते. परीक्षेच्या उत्तरांत सर्रास लिहिले जाणारे घर्षण हे या उष्णतेचे मुख्य कारण नव्हे. यानाचा पुढचा भाग बोथट ठेवला, तर धक्कालहर (वेगवान यानासमोर दाबल्या गेलेल्या हवेची लाट) त्याच्यापासून दूर राहते आणि बहुतेक उष्णता हवेबरोबर निघून जाते, हे अमेरिकेतील हॅरी ज्युलियन ॲलन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. यानापर्यंत पोहोचणारी उरलेली उष्णताही किती घातक असते, हे १ फेब्रुवारी २००३ रोजी जगाने पाहिले. उड्डाणाच्या वेळी अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या स्पेस शटलच्या (विमानासारख्या पंखांच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाच्या) डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या छिद्रातून तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

मार्टिन श्वाइगर यांनी तयार केलेला ‘ऑर्बिटर’ हा सिम्युलेटर २००० सालापासून विनामूल्य मिळतो. ‘फ्लाइटगिअर’ हा दुसरा मुक्त सिम्युलेटर असून त्यात स्पेस शटलचे अत्यंत बारकाईने घडवलेले प्रारूप आहे. शटलची उड्डाणे जुलै २०११ मध्ये थांबली आणि ते नागपूरला कधी उतरले नाही. पण संगणकावर सोनेगावचा विमानतळ हे उतरण्याचे ठिकाण ठरवता येते, आणि विद्यार्थ्याला परतीच्या वाटेचा खरा विस्तार तेव्हाच कळतो. समजा, यान नैर्ऋत्येकडून येणाऱ्या कक्षेत आहे. मग वेग एखाद्या टक्क्याने कमी करण्यासाठी इंजिन पेटवायचे ते जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, पॅसिफिक महासागरावर. वातावरणात शिरण्याची १२२ किलोमीटरची उंची येते तेव्हा यान दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेकडील समुद्रावर, नागपूरपासून सुमारे आठ हजार किलोमीटर दूर असते, आणि तिथून जमिनीला टेकायला अर्धा तासच उरतो. सोलापूरच्या आकाशातून जातानाही यान ४० किलोमीटरहून उंच आणि ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगात असते. वर्धा आणि यवतमाळच्या दरम्यान ते २५ किलोमीटर उंचीवर येते, तरी ध्वनीच्या सुमारे अडीचपट वेग शिल्लक असतोच.

या वाटेवर शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे यानाचे कलणे. आपण फार उंच आहोत किंवा फार पुढे जाणार आहोत असे दिसताच नवशिक्याचा हात यानाचे नाक खाली दाबू पाहतो. शटल मात्र नाक सुमारे ४० अंश वर धरून उतरत असे, कारण उष्णतारोधक फरशांनी झाकलेले पोट हवेसमोर राहणे आवश्यक होते. त्यामुळे नाकाचा कोन फारसा न बदलता यान एका कुशीवर कलवायचे: पंखांचा उचल देणारा जोर बाजूला वळतो, यान अधिक दाट हवेत उतरते आणि वेग लवकर घटतो. परंतु कललेले यान त्या बाजूला वळतही जाते, म्हणून काही वेळाने त्याला दुसऱ्या कुशीवर न्यावे लागते. कलणे कमी पडले तर यान नागपूर ओलांडून पुढे जाते, आणि जास्त झाले तर विदर्भापर्यंतही पोहोचत नाही. बल, बलाचे घटक आणि ऊर्जा या धड्यांचा इतका जिवंत प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत मला कधी करून दाखवता आला नाही.

शेवटच्या टप्प्यात शटल इंजिनाविना तरंगत येत असे. प्रवासी विमान सुमारे ३ अंशांच्या उताराने येते, तर शटल १८ ते २० अंशांच्या उताराने खाली येऊन ताशी साधारण ३५० किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकत असे. चुकले तर पुन्हा वर जाण्याची सोय नव्हती. आपल्या इस्रोनेही २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेले पंखधारी यान आपोआप धावपट्टीवर उतरवून दाखवले आहे. जून २०२४ च्या चाचणीत त्याचा टेकतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरहून अधिक होता. गगनयान पंखांचे नाही, ते पॅराशूटने समुद्रात उतरणार आहे. पण वरच्या वातावरणात ऊर्जा सोडण्याचे तत्त्व दोघांना सारखेच लागू पडते.

घरगुती सिम्युलेटरमध्ये शरीरावर येणारा भार जाणवत नाही आणि उष्णतेचे गणितही ढोबळ असते, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. परंतु २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळत गेलेले रॉकेटचे तुकडे पाहणाऱ्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे पडलेल्या धातूच्या कड्याची बातमी वाचणाऱ्या मुलांना त्यामागचे विज्ञान हाताळायला मिळावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

माझी विनंती दुहेरी आहे. गगनयानाच्या परतीचा मार्ग आपल्या दैनिकाने नकाशासह सविस्तर छापावा. आणि नागपुरातील शाळांनी व रमण विज्ञान केंद्राने उन्हाळी सुटीत या विषयाचे वर्ग घ्यावेत. अशा वर्गात सुरुवात कक्षेपासून करू नये. आधी तीन किलोमीटर उंचीवरून उतरायला शिकवावे, मग पंचवीस किलोमीटरवरून, आणि ते जमल्यावरच विद्यार्थ्याच्या हाती वातावरणात शिरणारे यान द्यावे. कोणत्याही शाळेने बोलावल्यास असा वर्ग विनामूल्य घेण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
प्रतापनगर, नागपूर