काकू, आईला झोरो दाखवलात तुम्ही

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला लिहायचं आणि चारचौघांनी वाचायचं, हे तुम्हाला रुचणार नाही हे ठाऊक आहे. पण इलाज नाही. ‘लंडनला तलवारींचं संगीत नाटक पाहिलं’ ही गोष्ट आई अजूनही घरी येईल त्याला ऐकवते, आणि ऐकणारा हटकून विचारतो, ‘अहो, पण तुम्हाला इंग्रजी कळलं कसं?’ त्यावर ती तुमचं नाव घेते. तेव्हा आभारही उघडच मानलेले बरे.

लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आपली ओळख झाली होती, तीसुद्धा जेवणाच्या पंगतीत. गॅरिक थिएटरला ‘झोरो’ हे संगीत नाटक लागलं होतं. जुलै २००८ ते मार्च २००९ एवढंच काय ते चाललं तिथे. तिकिटं मी काढली होती खरी, पण आईला चार इंग्रजी वाक्यांपलीकडे गती नाही, हे तुमच्यापाशी बोलून गेलो. तुम्ही ‘बघू’ म्हणालात आणि विषय बदलला. नंतर कळलं की तुम्ही स्वतःच्या पैशांनी दुपारचा खेळ एकट्या जाऊन पाहिलात, वही घेऊन.

मग आमच्याकडे आलात. तुमच्या जागी मी असतो तर १९१९ पासून सुरुवात केली असती. जॉन्स्टन मॅक्कलीने मासिकात झोरोची क्रमशः कथा लिहिली, पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सने मूकपटात झोरो रंगवला, आणि हे संगीत नाटक बेतलंय लेखिका इसाबेल अलेंदेच्या कादंबरीवर... आई पाच मिनिटांत उठून भांडी आवरायला गेली असती. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, ‘वहिनी, सौभद्र पाहिलंयत ना?’

सांगलीच्या बाईला हे विचारायचं! आई सरसावून बसली.

‘मग तुम्हाला हे अर्धं आधीच माहीत आहे,’ म्हणालात. ‘अर्जुन यती होऊन सुभद्रेच्या समोर बसतो आणि तिला पत्ता नसतो. इथे नायक दिएगो नेभळट, नटवा असल्याचं सोंग करतो, आणि तोंडावर काळा मुखवटा चढवला की तोच झोरो. नायिका लुइसा बिचारी दिएगोवर चिडते आणि झोरोवर भाळते.’ रॅमोन म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. दिएगोच्या घरात भावासारखा वाढलेला, पण दिएगो स्पेनला गेल्यावर तोच गावाच्या मानगुटीवर बसतो. कॅलिफोर्नियातलं आजचं लॉस एंजेलिस, तेव्हा साधं खेडेगाव, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. आईने विचारलं, ‘मग यात कृष्ण कोण?’ तुम्ही म्हणालात, ‘तोच तर नाही. म्हणून तलवारी काढाव्या लागतात.’ काकू, हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलंय.

आणि तुम्ही आईला लिहून दिलेला तो कागद. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंनी, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरांत. संवादांचं भाषांतर त्यात औषधालाही नव्हतं. कोण कुणावर का चिडलंय आणि कधी लक्ष द्यायचं, एवढंच. ‘इनेझ : जिप्सी बाई. ही बोलायला लागली की बाकीच्यांकडे बघू नका.’ ‘सार्जंट गार्सिया : जाडा, भित्रा, मनाने चांगला. याच्यावर हसा, पण फार नको.’ ‘मारामारीला घाबरू नका. तलवारींना धार नसते, प्रत्येक वार नाचासारखा मोजून बसवलेला असतो.’ ‘मध्यंतर : आईस्क्रीम विकायला येतात. मुलगा महाग म्हणेल. तरी घ्या.’ (महाग होतंच. घेतलं.)

पौराणिक संगीत नाटकाला जाणाऱ्या कुणाला कथा माहीत नसायची? सुभद्रा कुणाला मिळणार हे ठाऊक असलेली माणसंच रात्र-रात्र बसायची, कारण पुढे काय होणार यापेक्षा ते कसं गातात यासाठी आलेली असायची. आईला तुम्ही नेमक्या त्या जागी नेऊन बसवलंत. माझ्या डोक्यात तोवर भाषा हीच अडचण होती; तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं की अडचण अनोळखीपणाची आहे.

गाणी सुरू झाली तेव्हा तर गंमतच. संगीत जिप्सी किंग्ज या बँडचं, त्यामुळे ‘बाम्बोलेओ’सारख्या गाण्यांत स्पॅनिश ओळी येतात. म्हणजे तिथे आई आणि बाजूचे इंग्रज सारखेच अडाणी. फ्लॅमेंको या स्पॅनिश नाचात टाचा फळ्यांवर आपटायला लागल्या तशी ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागली, आणि मला म्हणाली, ‘यांचा ठेका वेगळाच आहे रे, समेवर येतात कुठे ते सापडत नाही.’ दुसऱ्या अंकात सापडली म्हणाली. खरं-खोटं तीच जाणे. इनेझचं काम करणारी लेस्ली मार्गेरिटा थांबली तेव्हा आईने चक्क ‘वन्स मोअर’ दिला, खणखणीत. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि त्यांनीही टाळ्या वाढवल्या. त्या बाईंना पुढे २००९ मध्ये याच भूमिकेसाठी लंडनच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. मी फोनवर सांगितलं तर आईचा आवाज असा, की निवड समितीत हीच होती.

तेव्हा मी तुम्हाला फोनवर ‘थँक यू’ म्हटलं होतं आणि तुम्ही ‘त्यात काय’ म्हणून ठेवून दिला होता. त्यात काय ते वर लिहिलंय.

आता एक काम. इनेझ मरते तिथे आईला सर्वांत वाईट वाटलं ते गार्सियाचं, कारण त्याचा तिच्यावर जीव होता. त्याचं पुढे काय झालं, हे तुमच्या कागदात नव्हतं. ‘काकूंना माहीत असणार’ असं तिचं ठाम मत आहे. सवडीने तिला फोन करा आणि काहीतरी सांगा. लग्न लावून दिलंत तरी चालेल.

आपला,
तिकिटं काढणारा